विद्यापीठातील नोकऱ्या आणि आपले विद्यार्थी

आपल्या वसतिगृहातील मुलांना ‘मोठेपणी काय होणार?’ असे विचारले, की ठरावीक उत्तरे येतात : कलेक्टर, पोलीस, डॉक्टर, शिक्षक, लष्करातील जवान. ‘मी विद्यापीठात काम करणार’ असे सांगणारा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी प्रस्तुत लेखकाला आजवर भेटलेली नाही. यात मुलांचा काही दोष नाही. पदवीचा कागद जेथून येतो ते ठिकाण म्हणजे विद्यापीठ, एवढीच त्याची आपल्या घरांतून ओळख असते. तेथे हजारो माणसे रोज सकाळी कामावर जातात, त्यांतील बहुतेक प्राध्यापक नसतात, आणि त्यांच्यापैकी अनेकांचे शिक्षण बारावी किंवा आय.टी.आय. एवढेच असते, ही गोष्ट आपल्याकडे कोणी सांगत नाही. म्हणून संस्थेच्या या स्मरणिकेच्या निमित्ताने हा विषय थोडा विस्ताराने मांडावा असे वाटले. उदाहरणादाखल पुण्याचे सावित्रीबाई फुले विद्यापीठ घेतले आहे. कारण ते आपल्यापैकी अनेकांनी निदान बाहेरून तरी पाहिलेले असते.

हे विद्यापीठ १० फेब्रुवारी १९४९ रोजी स्थापन झाले. डॉ. मुकुंदराव जयकर हे पहिले कुलगुरू. गणेशखिंडीतील मुख्य इमारत पूर्वी मुंबई प्रांताच्या गव्हर्नरांचे पावसाळी निवासस्थान होती. २०१४ मध्ये विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव मिळाले. ज्या पुण्यात शाळेत जाताना त्यांच्या अंगावर शेण फेकले गेले, त्याच पुण्याच्या विद्यापीठाच्या प्रत्येक पदवीपत्रावर आज त्यांचे नाव छापले जाते. सुमारे ४११ एकरांच्या या आवारात अध्यापनाचे विभाग आहेत, प्रयोगशाळा आहेत, जयकर ग्रंथालय आहे. तसाच परीक्षा विभाग, वित्त विभाग, आरोग्य केंद्र, वसतिगृहे, अतिथिगृह, बागा, वीज व पाणीपुरवठ्याची व्यवस्था, असा एका छोट्या नगराचा संसारही आहे. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या परीक्षांचा भार येथील कार्यालयावर असतो. जेथे संसार एवढा मोठा, तेथे कामेही तितकीच नाना तऱ्हेची असतात.

नोकरीचा विचार करताना पहिली गोष्ट ध्यानात घ्यावयाची ती अशी, की या एका आवारात मालक एक नाही. विद्यापीठ हे राज्याच्या कायद्याने, म्हणजे २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने चालते. परंतु त्याच आवारात ‘आयुका’ आहे, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आहे, पेशीविज्ञानाचे राष्ट्रीय केंद्र आहे. या संस्थांचा कारभार केंद्र सरकारच्या निधीवर व नियमांवर चालतो. तिसरा प्रकार संशोधन प्रकल्पांचा. एखाद्या प्राध्यापकाला केंद्राच्या विज्ञान खात्याकडून तीन वर्षांसाठी अनुदान मिळते आणि त्या अनुदानातून तो दोन-तीन माणसे नेमतो. फाटक एक, रस्ता एक, चहाची टपरीही एकच. पण अर्ज कोणाकडे करावयाचा, आरक्षण कोणत्या नियमाने, दाखला कोणत्या नमुन्यात आणि नोकरी किती वर्षांची, हे तिन्ही ठिकाणी वेगळे. आपली मुले बहुतेक वेळा येथेच गोंधळतात.

अध्यापनाची वाट सर्वांत लांब; पण तिचे टप्पे स्पष्ट आहेत. सहायक प्राध्यापक होण्यासाठी पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना ५० टक्के पुरतात. त्यानंतर नेट किंवा सेट उत्तीर्ण व्हावे लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार या पदासाठी पीएच.डी. सक्तीची नाही. नेट ही देशपातळीवरील परीक्षा वर्षातून दोनदा होते. पहिली प्रश्नपत्रिका ५० प्रश्नांची, सर्वांना समान. दुसरी आपल्या विषयाची, १०० प्रश्नांची. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडू नये, हे साधे सूत्रसुद्धा अनेकांना परीक्षेच्या दालनात आठवत नाही. सेट ही राज्यपातळीवरची परीक्षा. महाराष्ट्र व गोव्यासाठी ती घेण्याचे काम पुणे विद्यापीठच करते.

नेटमध्ये वरच्या गुणांनी उत्तीर्ण झालेल्यांना कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळते. १ जानेवारी २०२३ पासून ती दरमहा ३७,००० रुपये आहे आणि पुढील टप्प्यावर ४२,००० रुपये होते. वयोमर्यादा ३० वर्षे. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्गीय आणि महिला यांना पाच वर्षांची सवलत. हा आकडा मुद्दाम देत आहे. आपल्या घरांत एम.ए. झालेल्या मुलाला ‘आणखी किती शिकणार, आता कमव’ असे म्हटले जाते, आणि तसे म्हणणाऱ्या आईबापांचे काही चुकत नाही; त्यांची कंबर वाकलेली असते. पण संशोधन करणारा विद्यार्थी घरावर भार असतोच असे नाही, तो घरी पैसे पाठवू शकतो, हे त्यांना कोणीतरी समजावून सांगितले पाहिजे. नेटची अधिछात्रवृत्ती हुकली, तरी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे आणि पुण्याच्या ‘बार्टी’ची, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्थेची, स्वतंत्र अधिछात्रवृत्ती आहे.

सहायक प्राध्यापकाचे सातव्या वेतन आयोगातील मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होते. प्राध्यापकपदी ते १,४४,२०० रुपयांपासून. आकडे मोहात पाडणारे आहेत. परंतु मंजूर पदे रिकामी राहणे आणि ती भरण्यास शासनाची परवानगी वर्षानुवर्षे न मिळणे हे महाराष्ट्रातील उच्च शिक्षणाचे जुने दुखणे आहे. त्या रिकाम्या जागांवर ‘तासिका तत्त्वावर’ माणसे शिकवतात. जितके तास तितके पैसे, सुट्टीत काही नाही. नेट, पीएच.डी. सर्व असलेले, चाळिशी गाठलेले तासिका प्राध्यापक आपल्या समाजात थोडे नाहीत. हे माहीत असूनही ज्याला या वाटेने जावेसे वाटते त्याने अवश्य जावे. मात्र तासिका तत्त्वाची वर्षे म्हणजे कायम नोकरीकडे नेणारा जिना आहे, असा समज करून घेऊ नये. तसा नियम कोठेही नाही.

आरक्षणाविषयी येथे थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण ‘आमच्या जागा जातात कोठे?’ हा प्रश्न आपल्या प्रत्येक मेळाव्यात विचारला जातो. जागा ठरतात त्या बिंदुनामावलीने. पदे क्रमाने मांडावयाची आणि टक्केवारीप्रमाणे कोणता क्रमांक कोणत्या प्रवर्गाचा हे आधीच ठरवून ठेवावयाचे, अशी ही पद्धत आहे. केंद्रीय नामावलीत अनुसूचित जातींना १५ टक्के असल्याने पहिला बिंदू सातव्या पदावर येतो. आता समजा, एकेक विभाग हा स्वतंत्र घटक धरला आणि त्या विभागात तीनच पदे असली, तर सातवा बिंदू येणार कधी? २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या निकालाने नेमके असेच झाले होते. विभाग हाच घटक ठरला आणि देशभर जाहिरातींतील राखीव जागा एकदम आटल्या. मोठे आंदोलन झाले आणि २०१९ मध्ये संसदेने कायदा करून संपूर्ण विद्यापीठ हा एक घटक ठरविला. महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये त्याच धर्तीवर कायदा केला. नामावली तपासण्यासाठी शासनाचा मागासवर्ग कक्ष असतो. जाहिरात वाचताना केवळ ‘एकूण पदे’ पाहून थांबू नये. प्रवर्गनिहाय तक्ता पाहावा आणि शंका आल्यास माहितीच्या अधिकारात बिंदुनामावली मागावी. ती मिळते.

आता अध्यापनाबाहेरची कामे. लेखकाच्या मते आपल्या विद्यार्थ्यांनी सर्वाधिक लक्ष येथे द्यावयास हवे. कार्यालयीन साखळी कनिष्ठ सहायकापासून सुरू होते. पुढे वरिष्ठ सहायक, सहायक कक्षाधिकारी, कक्षाधिकारी, सहायक कुलसचिव, उपकुलसचिव. मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट टंकलेखनाचे शासकीय प्रमाणपत्र नसल्यामुळे चांगले पदवीधर पहिल्याच चाळणीत गळतात. हे प्रमाणपत्र दहावीनंतरच्या दोन सुट्ट्यांत मिळविता येते. त्यासाठी पदवीची वाट पाहू नये.

ग्रंथालयाची वाट विशेष सांगावीशी वाटते. ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेल्यास ग्रंथालय सहायकाचे पद मिळू शकते. पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट असेल, तर सहायक ग्रंथपालाचे. त्याचे मूळ वेतन सहायक प्राध्यापकाइतकेच असते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. ज्या बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी ‘राजगृह’ बांधले, त्यांच्या अनुयायांची मुले ग्रंथपाल होण्याचा विचार क्वचितच करतात, याचे नवल वाटते.

प्रयोगशाळांमध्ये परिचर, सहायक, तंत्रज्ञ लागतात. मोठ्या रसायनशास्त्र विभागांत काचेची उपकरणे फुंकून घडविणारा कारागीर असतो. नळी वितळवून हव्या त्या आकाराचे पात्र करणारा. हे कौशल्य पुस्तकातून येत नाही, आणि ते ज्याला येते त्याच्यावाचून संशोधन अडते. यंत्रे दुरुस्त करणारे, वातानुकूलन सांभाळणारे, वीजतंत्री, नळकाम करणारे, संगणकाचे जाळे राखणारे, या सर्वांना आय.टी.आय. किंवा पदविका पुरते. यांतील काही कामे आता बाह्य संस्थांमार्फत कंत्राटावर दिली जातात. तशा ठिकाणी माणूस विद्यापीठात काम करतो, पण विद्यापीठाचा नोकर नसतो. नेमणूकपत्रावर कोणाचे नाव आहे, हे सही करण्यापूर्वी वाचावे. भविष्य निर्वाह निधी कापला जातो की नाही, ते पाहावे. ‘साहेबांना सांगून कायम करतो’ म्हणून पैसे मागणारे दलाल प्रत्येक मोठ्या संस्थेच्या फाटकाशी असतात. जमीन गहाण टाकून त्यांचे घर भरलेली कुटुंबे आपल्या परिचयाची आहेत. येथे अधिक लिहीत नाही.

शिकत असतानाच्या कामाचाही उल्लेख हवा. पुणे विद्यापीठात कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाने ‘कमवा व शिका’ योजना आहे. गरजू विद्यार्थी रोज काही तास विभागांत, ग्रंथालयात, बागेत काम करतात आणि त्याचा मोबदला मिळतो. पैसा फार नसतो. पण कार्यालयात धारिका कशी फिरते, टिपणी कशी लिहितात, जाहिरात कोठे लागते, हे या मुलांना आपोआप कळते, आणि पुढे स्पर्धेत उतरताना ते उपयोगी पडते.

संशोधन प्रकल्पांतील नेमणुका या तात्पुरत्या असतात आणि त्यांच्या जाहिराती अनेकदा विभागाच्या फलकावर किंवा संकेतस्थळाच्या कोपऱ्यात असतात. मुदत आठ-पंधरा दिवसांची. विज्ञानाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रकल्प सहायक म्हणून दोन वर्षे काम करता आले, तर मोठी यंत्रे हाताळण्याचा अनुभव मिळतो आणि एखाद्या शोधनिबंधावर नाव येते. समाजशास्त्र, अर्थशास्त्र या विषयांतही सर्वेक्षणासाठी माणसे लागतात. गावोगावी फिरून प्रश्नावली भरून घेणे हे काम शहरी मुलांपेक्षा आपली मुले चांगले करतात. प्रकल्प संपला की नोकरी संपते, हे ठरलेलेच असते. तेव्हा शेवटच्या सहा महिन्यांत पुढची सोय शोधावी.

राष्ट्रीय संस्थांकडे वळू. रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची महाकाय दुर्बीण जुन्नर तालुक्यात खोडद येथे आहे : प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्या फिरविणे, रंगविणे, त्यांच्या मोटारी व विद्युत्-मंडले सांभाळणे, हे सगळे आय.टी.आय. आणि पदविका झालेले तंत्रज्ञ करतात. दूरच्या आकाशगंगांचा अभ्यास अखेरीस एका फिटरच्या पान्यावर अवलंबून असतो, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. अशा संस्थांच्या वैज्ञानिक पदांना काही ठिकाणी आरक्षण लागू नसते. तांत्रिक आणि प्रशासकीय पदांना असते, आणि ते केंद्राच्या नियमांप्रमाणे. राज्यात अनुसूचित जातींना १३ टक्के, तर अखिल भारतीय भरतीत केंद्राचे १५ टक्के. त्याहून महत्त्वाचा फरक दाखल्याचा आहे.

तो सांगण्यासाठी स्वतःची एक हकीकत लिहितो. १९९० नंतरच्या दशकात एका केंद्रीय संशोधन संस्थेत लिपिकपदासाठी प्रस्तुत लेखकाने परीक्षा दिली. निवड यादीत नाव आले. कागदपत्रांच्या तपासणीला गेलो, तेव्हा समोरच्या अधिकाऱ्याने दाखला उलटसुलट पाहिला आणि परत दिला. त्यावर ‘नवबौद्ध’ एवढेच होते. शाळेच्या दाखल्यावर धर्म ‘बौद्ध’ आणि जातही ‘बौद्ध’. ‘आमच्या यादीत ही जात नाही,’ असे तो म्हणाला. त्याचे म्हणणे नियमाला धरून होते. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात जातींची नावे आहेत, धर्माचे नाव नाही. महाराष्ट्र राज्य झाल्यावर यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने नवबौद्धांना सवलती दिल्या, त्या राज्यापुरत्या. केंद्रात १९९० मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातीच्या व्यक्तीचा हक्क मान्य झाला. पण त्यासाठी मूळ जातीचा उल्लेख असलेला, केंद्राच्या विहित नमुन्यातील दाखला लागतो. तो काढण्यासाठी गावी गेलो. आजोबा शाळेत गेलेलेच नव्हते. शेवटी तहसीलच्या दप्तरात कोतवाल बुकात चुलत आजोबांच्या जन्माची नोंद सापडली. चार महिने गेले. तोवर यादीची मुदत संपली होती.

हा प्रश्न केवळ कागदाचा नाही, याची जाणीव लेखकाला आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपल्या वडीलधाऱ्यांनी जे टाकून दिले, तेच नाव पुन्हा मुलाच्या दाखल्यावर लिहावयाचे, याचे दुःख होते. ‘आता आमची ओळख बौद्धच’ असे अभिमानाने सांगून पालकांनी शाळेत तशी नोंद केली, ती याच भावनेतून. त्या भावनेला नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. तथापि आरक्षण हे धर्माला नसून त्या जुन्या अन्यायाला दिलेले उत्तर आहे, आणि अन्याय कोणावर झाला हे कायद्याला नावानिशी सांगावे लागते. धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ आणि जातीच्या रकान्यात आदेशात असलेली मूळ जात, अशी नोंद असली म्हणजे राज्याचा आणि केंद्राचा, दोन्ही दाखले विनासायास निघतात. पुढे जात पडताळणी समितीपुढे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावाही मागतात. आजोबा-पणजोबांचे शाळेचे नोंदपत्र, कोतवाल बुकाची नक्कल, जमिनीचा जुना उतारा, जे हाती लागेल ते घरातील वृद्ध हयात असेपर्यंत शोधून ठेवावे. कोणत्या गावी, कोणाच्या नावे शोधावयाचे, हे त्यांनाच ठाऊक असते.

पाली भाषेचा विषय मुद्दाम शेवटी ठेवला आहे. आपल्या शाळेत मुले रोज त्रिशरण-पंचशील म्हणतात. ती भाषा ही उपजीविका होऊ शकते, हे त्यांच्या मनात येत नाही. पुणे, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील विद्यापीठांत पालीचे विभाग आहेत. नेट परीक्षेत पाली हा स्वतंत्र विषय आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीबरोबरच पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. मूळचे गोव्याचे धर्मानंद कोसंबी पालीसाठी घर सोडून नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असे फिरले. नंतर कलकत्त्यात आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली, हार्वर्ड विद्यापीठात ‘विसुद्धिमग्ग’च्या संपादनाचे काम केले. शंभर वर्षांपूर्वी एका गरीब खेड्यातील माणसाला हे जमले. आज इगतपुरीच्या विपश्यना संशोधन संस्थेने संपूर्ण तिपिटक देवनागरीत उपलब्ध केले आहे. मात्र खरे ते सांगितले पाहिजे : पालीच्या विभागांत पदे मोजकी असतात. म्हणून पालीबरोबर संस्कृत, इतिहास, पुरातत्त्व किंवा ग्रंथालयशास्त्र यांपैकी एखाद्या विषयाची जोड असावी आणि इंग्रजी चांगले असावे. भाषांतर, हस्तलिखितांची सूची, कोशकार्य, संग्रहालये, लेण्यांचे मार्गदर्शन अशी कामे त्या जोडीने मिळतात. पालीचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पदवीबरोबरच करता येतो.

शाळेच्या कार्यालयासाठी दोन कामे सुचवावीशी वाटतात. एक, विद्यापीठ व वर सांगितलेल्या संस्थांच्या जाहिराती दर सोमवारी संकेतस्थळावर पाहून सूचनाफलकावर लावाव्यात, आणि त्या माजी विद्यार्थ्यांपर्यंतही पोहोचवाव्यात. हे काम करण्यास आम्ही काही माजी विद्यार्थी तयार आहोत. दुसरे अधिक निकडीचे. सर्वसाधारण नोंदवहीतील धर्म व जात हे दोन रकाने विद्यार्थी शाळेत असतानाच, पालकांना समोर बसवून, पुरावा पाहून तपासावेत. दाखला हातात पडल्यावर ती नोंद बदलणे फार कठीण होते. यंदाच्या दहावीच्या तुकडीचे दाखले अजून लिहावयाचे आहेत.